एक्सचेंजवाल्या काकूंचा रिकामा प्लॉट

काकू फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. आधी ‘कोण?’ असं विचारायच्या, आणि समोरच्यानं नाव सांगितलं की ‘कशावरून?’ असं विचारायच्या. माझ्या अप्पांवर हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा ते इतके गांगरले, की निलंग्याजवळच्या आमच्या गावाचं नाव, माझ्या आजोबांचं नाव, शेताशेजारच्या ओढ्याचं नाव, सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. तेवढं ऐकून घेऊन काकूंनी मला जिन्यातून हाक मारली, “ये गं खाली. तुझे वडील हायत म्हणे.” हे ‘म्हणे’ त्यांनी कधी सोडलं नाही.

लातूरला अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्याकडे राहिले. क्लासेसच्या भागामागची ती गल्ली. प्रत्येक घरावर मजले चढलेले, प्रत्येक गॅलरीत ओले टॉवेल, आणि प्रत्येक फाटकावर ‘मुलींची राहण्याची सोय’ नाहीतर ‘मुलांची राहण्याची सोय’ अशी पाटी. काकूंच्या फाटकावर पाटी नव्हती. पाटी वाचून कोणीही येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याकडे जी मुलगी यायची ती कोणाच्या तरी ओळखीनं यायची, आणि त्या ओळखीच्या माणसावरही त्यांचा फारसा विश्वास नसायचा.

आयुष्यभर त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंककॉल जोडून द्यायचे दिवस त्यांनी पाहिले होते. यजमान लवकर गेले, मुलगा शिकून हैदराबादला नोकरीला लागला, आणि काकू खालच्या मजल्यावर एकट्या, वर आम्ही मुली. गल्लीत त्यांना सगळे एक्सचेंजवाल्या काकू म्हणत. दुसऱ्यांची इतकी बोलणी कानावरून गेल्यामुळं त्यांचं माणसांबद्दल एक मत झालं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. त्या म्हणायच्या, “फोनवर माणूस ‘सगळं ठीक हाय’ म्हणला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. खरंच ठीक असलेला माणूस म्हशीचं सांगतो, पावसाचं सांगतो, शेजाऱ्याचं भांडण सांगतो.” माझ्या खोलीतली औशाकडची एक मुलगी एकदा खालच्या हॉलमधून घरी बोलून आली. मागोमाग काकू जिना चढून वर आल्या आणि तिच्या कपाळाला हात लावला. ती तापानं फणफणली होती. घरच्यांना ती ‘ठीक हाय’ म्हणाली होती, आणि आम्हालाही.

वर मोबाईल न्यायचा नाही हा त्यांचा नियम होता. आमच्या आईबापांना तो आवडायचा. त्यामुळं सगळ्यांचे फोन खाली, हॉलमधल्या त्या जुन्या काळ्या फोनवर. फोनशेजारी काकूंची खुर्ची. आपलं बोलणं ऐकता का, असं एकीनं धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “ऐकत न्हाई. कानावर पडतं.”

दुधाचा थेंब त्या फरशीवर सोडून बघायच्या. गॅसची टाकी घरात घेण्याआधी हलवून बघायच्या. बाहेर जाताना कुलूप ओढून बघायच्या, कोपऱ्यापर्यंत जायच्या, आणि परत येऊन पुन्हा ओढायच्या. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणालाही कुलूप होतं. त्यात कोणी काय टाकणार होतं ते त्यांनाच ठाऊक.

आणि एवढ्या संशयी बाईकडं गल्ली मात्र त्याहून जास्त संशयानं बघायची. त्याचं कारण त्यांच्या घराला लागून असलेला रिकामा प्लॉट. त्या भागात हातभर जागासुद्धा कोणी मोकळी सोडत नव्हतं. काकूंचा प्लॉट मात्र तसाच पडून. काँग्रेस गवत, बाभळीची दोन रोपटी, आणि एका कोपऱ्यात कोणाच्या तरी जुन्या बांधकामाची खडी. का बांधत नाहीत? कोणी म्हणायचं कोर्टात अडकलाय. कोणी म्हणायचं खाली थडगं आहे. समोरच्या मेसवाल्या बाईंनी आम्हाला सांगितलं होतं, की काकूंची एक मुलगी होती, ती तिथं खेळताना गेली, म्हणून त्या तिथं वीट रचू देत नाहीत. ही गोष्ट आम्हा मुलींना एकदम पटली. पहिले काही महिने आम्ही त्या प्लॉटकडं बघताना आवाज खाली करायचो. शेवटी एकदा मी न राहवून काकूंनाच विचारलं.

“मला मुलगी न्हाई,” त्या म्हणाल्या. “एक मुलगा हाय, चांगला खाऊनपिऊन हाय. कोणी सांगितलं तुला?”

मग बांधत का नाही, असं विचारलं. तर बांधायचं म्हणजे मिस्त्री लावावा लागतो, आणि मिस्त्री सिमेंट खातात, असं उत्तर आलं. एवढ्या वर्षांत त्यांना भरवशाचा मिस्त्री मिळाला नव्हता. हे खरं कारण होतं की आणखी काही, याचा मला आजही संशय आहे.

खेळाची सुरुवातही संशयातूनच झाली. एका संध्याकाळी काकू धपाधप जिना चढून आल्या आणि खोल्याखोल्यांतून डोकावू लागल्या. “काय करायल्या गं तुम्ही?” आम्ही अभ्यास करत होतो, निदान पुस्तकं उघडी होती. एक डोकं बांधून पडली होती, एक भिंतीकडं तोंड करून बसली होती. “वरून कसलाच आवाज येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “एवढ्या पोरी आणि आवाज न्हाई. काहीतरी करायल्या तुम्ही.” आम्ही काही करत नव्हतो हेच त्यांना खटकलं असावं. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं आणि प्लॉटवर नेलं. आम्हाला वाटलं आता फुकटात गवत उपटून घेणार. घेतलंच. गवत उपटलं, खडे वेचले, बाभळीची रोपटी मुळासकट काढली. हात सोलवटले, आणि रात्री अंग टाकलं की झोप लागायची, ही पहिली नवी गोष्ट.

मग दोन खांब आले. जुने लाकडी टेलिफोनचे खांब कापून केलेले, डांबराचा वास येणारे. ते त्यांनी कुठून आणले हे विचारायची सोय नव्हती. टाकून दिले होते, एवढंच म्हणाल्या. आम्हाला वाटलं ढापले असणार.

खो-खो त्यांना येत नव्हता. रांगेत आलटून पालटून तोंडं करून बसायचं, पाठलाग करणारीनं पाठीत थाप देऊन ‘खो’ म्हणायचं, म्हणजे बसलेलीनं उठून पळायचं, हे त्यांना आम्हीच समजावलं. तरी निकाल त्याच द्यायच्या. खुर्ची टाकून बसायच्या आणि कोण बाद, कोण नाही, हे तोंडावरून ठरवायच्या. “तुझा हात लागला न्हाई.” “लागला काकू, खरंच.” “मग तोंड असं का करायलीस?” त्यामुळं भांडणं व्हायची आणि भांडणामुळं गल्लीतल्या गॅलऱ्या भरायच्या.

महिन्याभरात बाजूच्या होस्टेलच्या मुली फाटकाशी येऊन उभ्या राहायला लागल्या. एका गल्लीत वर्षभर राहून आम्ही एकमेकींची नावंसुद्धा विचारली नव्हती. क्लासला जाताना पुढच्या मुलीची फक्त वेणी ओळखीची असायची. आता ती वेणी देवणीची होती, आणि तिच्या घरी दोन म्हशी होत्या, आणि ती केमिस्ट्रीच्या पेपरला रडायची, हे सगळं कळायला लागलं. समोरच्या घरातल्या सुनीता वहिनी कडेवर लेकराला घेऊन रोज बघायच्या. एक दिवस लेकरू त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवलं, साडी खोचली आणि रांगेत येऊन बसल्या. माहेरी असताना तालुक्याला खेळल्या होत्या म्हणे. त्या दिवशी त्यांनी आम्हाला दमवलं. आत त्यांची सासू हाका मारत होती, आणि काकू मांडीवरच्या लेकराला थोपटत सांगत होत्या, “येत्यात, येत्यात.”

मोटारसायकली लावून पोरंही उभी राहायला लागली. काकूंनी आरडाओरडा केला नाही. खुर्ची उचलली, रस्त्यावर त्यांच्यासमोर टाकली, आमच्याकडं पाठ करून बसल्या, आणि एकेकाला त्याच्या आईचा नंबर विचारला. एकानं हसत दिला. काकू उठून आत गेल्या आणि थोड्या वेळानं बाहेर आल्या. “तुझी आई घरी बोलवायली,” त्या म्हणाल्या. ती पोरं पुन्हा आली नाहीत.

आमच्यात सगळ्यात जोरात पळायची ती श्यामला. धर्माबादची. वडील मिरचीच्या बाजारात अडतीवर होते. आई तेलंगणातली, त्यामुळं घरी तेलुगू. उंच, काटकुळी, कमी बोलणारी मुलगी. खांबाला वळसा घालताना ती एका हातानं खांब धरून अशी फिरायची, की समोरचीला स्वतः बाद झाल्यावरच श्यामला दिसायची. काकूंना ती आवडायला हवी होती. पण श्यामला फोनवर तेलुगूत बोलायची, आणि सगळ्या जगाची बोलणी ऐकलेल्या काकूंना त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. “दुसऱ्याला कळत न्हाई असं बोलायचंच कशाला?” त्या म्हणायच्या. श्यामला म्हणायची, “काकू, आईला तेच कळतं.” मग काकू खुर्ची आणखी जवळ ओढायच्या आणि मधेमधे येणारे ओळखीचे शब्द पकडायच्या. ‘ग्राउंड’ पकडला. ‘काकू’ पकडला. एकदा ‘ग्राउंड’ आणि ‘काकू’ एकाच वाक्यात आले आणि श्यामला हसली, तेव्हापासून काकूंनी तिच्यावर डोळा ठेवला.

आम्ही बाकीच्यांनी घरी खेळाचं सांगितलं नव्हतं. सांगायची सोयच नव्हती. रूम, क्लास, मेस, रूम, एवढ्यावर आम्हाला लातूरला ठेवलं होतं. बारावीच्या दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी माझे अप्पा आणि आणखी दोघींचे वडील एकाच जीपमधून आले. अप्पांनी मला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोर काकूंना विचारलं, “पोरी संध्याकाळी अंगणात पळत असत्यात हे खरं हाय का?” काकू हो म्हणाल्या. दुसऱ्या मुलीचे वडील म्हणाले, “आम्ही डॉक्टर व्हायला पाठवलंय, पळायला न्हाई. आणि रस्त्यावरून सगळं दिसतंय की हो इथं.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रस्त्यावरून सगळं दिसत होतं.

काकू खेळाच्या बाजूनं काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं. डोकेदुख्या थांबल्या, झोप लागते, मार्क कमी झालेले नाहीत, हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. पण त्यांना दुसऱ्याच प्रश्नानं झपाटलं होतं. “तुम्हाला कोणी सांगितलं?” त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. अप्पा म्हणाले, कळलं आम्हाला, कोणी का सांगेना. तेव्हा काकू वळल्या आणि जिन्यात उभ्या असलेल्या श्यामलाकडं बोट करून म्हणाल्या, “हीच. हिनंच लावलं. रोज फोनवर हेच चालतं हिचं, आम्हाला कळू नये म्हणून त्या भाषेत.”

सगळ्यांच्या माना श्यामलाकडं वळल्या. माझीही. श्यामला म्हणाली, “मी आईला सांगितलंय, खेळते म्हणून. आई म्हणाली, खेळ. यांना मी ओळखतसुद्धा न्हाई.” एवढं बोलून ती वर गेली. काकूंनी तिला थांबवलं नाही. चोर पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि त्या वेळी मला त्यांचा राग आला की भीती वाटली हे सांगता येत नाही. दोन दिवसांनी श्यामलाचे वडील येऊन तिला घेऊन गेले. सामान खाली उतरवताना तिनं कोणाकडं पाहिलं नाही.

त्यानंतर प्लॉटवर कोणी गेलं नाही. आमच्याकडून घरच्यांनी शपथा घेतल्या. बाजूच्या होस्टेलच्या मुली दोनचार दिवस डोकावल्या आणि थांबल्या. सुनीता वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालताना क्षणभर प्लॉटकडं बघायच्या, मग आत जायच्या. काकू मात्र रोज ऊन उतरलं की खुर्ची घेऊन प्लॉटवर बसायच्या. मोकळ्या जागेवर लक्ष ठेवायला लागतं, असं म्हणायच्या.

मला अप्पांचा फोन आला तो अशाच एका संध्याकाळी, काकू खुर्ची घेऊन आत आल्यावर. बोलता बोलता मी त्यांना म्हटलं, त्या धर्माबादच्या मुलीनं तुम्हाला सांगायला नको होतं. अप्पांना काहीच उमजेना. कोणती मुलगी? मग त्यांनी सांगितलं ते असं. दिवाळीनंतर एकदा त्यांनी संध्याकाळी फोन केला होता. काकूंनीच उचलला होता, आणि सगळी उलटतपासणी झाल्यावर म्हणाल्या होत्या, “पोरी ग्राउंडवर हायत, खो-खो खेळायल्यात. अंधार पडल्यावर करा.” अप्पांनी ते बाकीच्या दोघांना सांगितलं. एवढंच.

काकू शेजारच्या खुर्चीतच होत्या. मी फोन ठेवला आणि अप्पा काय म्हणाले ते त्यांना सांगून टाकलं. त्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं, “कशावरून?” मी फोन त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी स्वतः रिसीव्हर उचलला, अप्पांचा नंबर फिरवला, आणि या वेळी कोण वगैरे काही न विचारता म्हणाल्या, “तुम्हाला ग्राउंडचं मी सांगितलं होतं का?” पलीकडून अप्पा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. काकूंनी रिसीव्हर खाली ठेवला, पण जागेवर नाही, टेबलावर. बराच वेळ त्यातून टूं टूं आवाज येत राहिला. शेवटी मीच तो उचलून जागेवर ठेवला.

“धर्माबादला गाडी कुठून हाय?” त्यांनी विचारलं.

काकू लातूरबाहेर जात नसत. एसटीचे ड्रायव्हर झोपतात अशी त्यांची खात्री होती. पण पहाटेच्या नांदेड गाडीत आम्ही दोघी बसलो. मला बरोबर घेतलं ते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणं, पत्ता खरा आहे की नाही ते बघायला. ड्रायव्हरच्या बरोबर मागची जागा त्यांनी धरली आणि सबंध रस्ता त्याच्या मानेकडं बघत बसल्या. नांदेडला गाडी बदलली. धर्माबादला उतरलो तेव्हा दुपार झाली होती आणि बाजाराकडून येणाऱ्या मिरचीच्या ठसक्यानं आमचे डोळे चुरचुरत होते.

दार श्यामलानंच उघडलं. आम्हाला बघून ती बाजूला झाली. वडील बाजारात गेले होते. आई आतून आली, हात पदराला पुसत. “कूर्चोंडी,” असं म्हणून तिनं बाजेकडं हात केला. काकू बसल्या नाहीत. उभ्यानंच श्यामलाला म्हणाल्या, “हिला सांग, मी तिच्या पोरीवर खोटा आळ घेतला. फोनवर बोलले ते मीच. तुझा काही संबंध नव्हता.”

श्यामला खाली बघत राहिली. काकू म्हणाल्या, “सांग ना.” मग भिंतीकडं बघत श्यामलानं ते तेलुगूत सांगितलं. काकूंची नजर तिच्या ओठांवर होती. ती काय सांगतेय, तेवढंच सांगतेय की जास्त, की भलतंच, हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि तरी काकू ऐकत राहिल्या. आईनं काहीतरी विचारलं. श्यामला म्हणाली, “आई विचारती, सगळ्यांसमोर म्हणला होता ना?”

“हो.”

“मग सगळ्यांसमोर सांगणार का?”

“सांगते,” काकू म्हणाल्या.

श्यामलानं ते सांगायच्या आधीच आई मराठीत म्हणाली, “बसा आता. जेवून जावा.”

काकूंनी तिच्याकडं पाहिलं. “तुम्हाला येतंय की मराठी.”

“येतंय,” आई म्हणाली. “पण ते मला माझ्या पोरीच्या तोंडून ऐकायचं होतं.”

आम्ही जेवलो. काकूंनी भाताचा वास घेतला नाही, आमटी ढवळून बघितली नाही. समोर आलं ते खाल्लं. निघताना श्यामला म्हणाली, “मी येते. पण तुमच्याकडं राहणार न्हाई. दुसऱ्या होस्टेलला राहीन, खेळायला येईन.” खेळ तर बंद आहे, असं काकू म्हणाल्या. “मग चालू करा,” श्यामला म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात ती आली, दोन घरं सोडून असलेल्या होस्टेलमध्ये. काकूंनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. श्यामलालाही निरोप गेला. ती आली, पण उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. मग काकूंनी त्या तिन्ही वडिलांना एकेक करून फोन लावला आणि तिघांनाही सारखंच सांगितलं. ग्राउंडचं मी सांगितलं होतं, धर्माबादच्या पोरीनं नाही, तिच्यावर मी आळ घेतला. उद्यापासून पोरी पुन्हा खेळणार आहेत, तुमचा विश्वास नसंल तर येऊन बसा. शेवटचा फोन ठेवल्यावर त्यांनी दाराकडं बघितलं. श्यामला गेली होती. ऐकायचं तेवढं तिनं ऐकलं असावं.

एका वडिलांनी मुलीला तिथून हलवलं. ती पुन्हा कधी दिसली नाही. दुसऱ्यांनी काही केलं नाही, हो पण म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. अप्पा मात्र आले. काकूंनी त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची टाकली. दोघं शेजारी शेजारी बसून संध्याकाळभर कधी खेळाकडं, कधी रस्त्याकडं, आणि मधेच एकमेकांकडं संशयानं बघत होते. निघताना अप्पा मला म्हणाले, “पळतीस बरं. वळताना थांबतीस मात्र.” मग घसा खाकरून म्हणाले, “अभ्यास कर.” त्यांनी परवानगी दिली असं मी ते धरलं.

आता मी नांदेडला एका शाळेत विज्ञान शिकवते. डॉक्टर मी झाले नाही. श्यामला झाली, पण जनावरांची, देगलूरकडं असते. काकू आहेत. मध्यंतरी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं नवा गुडघा न घालता जुनाच पुसून बसवला, असा त्यांना संशय आहे. मागच्या उन्हाळ्यात मी जाऊन आले. काकूंचं घर सोडून प्लॉटच्या दोन्ही बाजूंना आता चार-चार मजले उठलेत, त्यामुळं ऊन लवकर जातं. मधल्या त्या सावलीच्या चौकोनात मुली खेळत होत्या, सुनीता वहिनींचं लेकरू, आता चांगलं शाळेत जाणारं, त्यांच्यात होतं. मुलगा हैदराबादहून दर रविवारी फोन करतो आणि प्लॉटचं काही बोलत नाही, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे, असं काकू म्हणाल्या. मला वाटतं, या वेळी त्यांचा संशय बरोबर असावा. त्यांच्यामागं तिथं काय उभं राहील, हे मी विचारलं नाही.

पण काकू म्हटलं की मला आठवते ती बारावीच्या परीक्षेआधीची एक संध्याकाळ. बऱ्याच मुली प्रॅक्टिकल संपवून गावी गेल्या होत्या. खेळायला एक जण कमी पडत होती. श्यामला आली होती. धर्माबादहून परतल्यापासून ती रोज यायची, मनापासून खेळायची, आपली पाण्याची बाटली आपणच आणायची, आणि काकूंशी एक शब्द बोलायची नाही. काकू तिला बाद देताना नाव न घेता बोट करायच्या. इतके महिने असंच चाललं होतं. आम्हाला त्याची सवय झाली होती.

सुनीता वहिनी म्हणाल्या, “काकू, तुम्ही बसा की रांगेत. नुसतं जागा भरायला.” काकूंनी नको नको केलं, खुर्चीवर कोण लक्ष ठेवणार म्हणाल्या, आणि मग चपला काढून येऊन बसल्या. गुडघे मोडून बसायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांचं तोंड रस्त्याकडं होतं, माझं घराकडं, आणि आमच्यात हातभर अंतर. त्या सारख्या मान वळवून मागं बघत होत्या. मी म्हटलं, “मागं बघायचं नसतं काकू.” तेव्हा कुठं त्यांनी मान सरळ केली.

पाठलागावर श्यामला होती. पुढं सुनीता वहिनी पळत होत्या, रांगेच्या या बाजूनं त्या बाजूला जात, हसत, दमलेल्या. श्यामला खांबाला वळसा घालून घराकडच्या बाजूनं, माझ्या समोर आली. मला वाटलं ती काकूंना ओलांडून पुढच्या कोणाला तरी खो देणार. ती माझ्या समोरून पुढं गेली आणि काकूंच्या मागं क्षणभर थांबली. मग तिनं त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला, थाप मारली नाही, आणि म्हणाली, “खो.”

काकू एक हात जमिनीवर टेकून उठल्या. कुणीकडं जायचं ते त्यांना कळेना. समोर रस्ता, एका बाजूला एक खांब, दुसऱ्या बाजूला दुसरा. त्यांच्या रिकाम्या जागेवर श्यामला बसली होती.

“डावीकडं, काकू,” ती म्हणाली.

काकूंनी पदर खोचला आणि डावीकडं पळाल्या.